समिधा कोणाच्या? ‘समिधा’ आणि ‘प्रकाशवाटा’ या दोन आत्मकथनांतील बाप आणि लेक

मराठी वाङ्मयाने आईचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हापासून तर आईविषयी लिहिण्याची एक वहिवाटच पडून गेली. बापाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. आमच्या चरित्रांत आणि आत्मचरित्रांत बाप भेटतो तो बहुधा कर्तबगार म्हणून, करारी म्हणून, कर्जबाजारी वा व्यसनी म्हणून, किंवा एखाद्या ध्येयापायी घरदार विसरलेला म्हणून. लेकीला ताप आला असता रात्रभर उशाशी बसणारा, तिच्या वेणीचा पेड चुकला म्हणून पुन्हा घालणारा, पाढे म्हणून घेता घेता स्वतःच पेंगणारा बाप घरोघरी असतो. पुस्तकात मात्र तो क्वचितच आढळतो.

त्यातही मुलीचा बाप अधिकच उपेक्षित. कथा-कादंबऱ्यांत तो दोन प्रसंगी हमखास हजर असतो : लेकीच्या लग्नात आणि लेकीवर संकट कोसळते तेव्हा. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा पाया घातला, तो विधवांचे दुःख मांडण्यासाठी. म्हणजे आमची कादंबरी जन्मली तीच दुसऱ्यांच्या लेकींचे अश्रू पाहून. परंतु पाळणा आणि बोहले यांच्यामधली जी पंधरा-वीस वर्षे बाप लेकीबरोबर एका छपराखाली काढतो, त्या वर्षांचा हिशेब कोणी फारसा ठेवलेला नाही. हा हिशेब शोधण्याच्या हेतूने आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यजिल्ह्यांतून आलेली दोन आत्मकथने पुन्हा वाचली. एक साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ (१९९०), दुसरे डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९). दोन्ही पुस्तके सेवाकार्याची गाथा म्हणून वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र ती येथे एका कुटुंबाची कथा म्हणून, विशेषतः बापलेकीच्या नात्यासाठी वाचणार आहोत.

या दोन घरांत एक विलक्षण साम्य आहे. मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे आणि साधनाताई यांना विकास व प्रकाश हे दोन मुलगे. रेणुका ही त्यांनी लेक म्हणून वाढविली. पुढच्या पिढीत डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना दिगंत व अनिकेत हे दोन मुलगे. आरती ही त्यांनी लेक म्हणून स्वीकारली. दोन्ही घरांत मुलगे पोटी आले आणि मुलगी निवडून घेतली गेली. ज्या महाराष्ट्रात पुढे सोनोग्राफीच्या यंत्राने लेकींना जन्माआधीच निवडून बाहेर काढले, त्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला दोन पिढ्यांनी लेकीची निवड उलट्या अर्थाने केली. ही गोष्ट दोन्ही पुस्तकांत इतक्या सहजपणे येते की वाचक तिच्यावरून पुढे निघून जातो. आम्हांस तेथे थांबावेसे वाटते.

‘समिधा’ हे पत्नीने लिहिलेले पुस्तक आहे. नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू १९४६ च्या डिसेंबरात बाबांशी विवाहबद्ध झाली आणि साधना झाली. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. वरोऱ्याजवळच्या ओसाड, खडकाळ, विंचवा-सापांनी भरलेल्या जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले, तेव्हा विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुले अगदीच लहान होती. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये हे त्या संसाराचे भांडवल महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. मात्र या सुप्रसिद्ध यादीत ती दोन लहान मुले बसत नाहीत. गाय मोजली जाते, रुपये मोजले जातात. अंगणात रांगणारी मुले कोणी मोजत नाही. ‘समिधा’चे मोठेपण हे की साधनाताई ती मोजतात. भाकरी थापणारा, पाणी भरणारा, मुलांच्या अंगावरून रात्री हात फिरवणारा जीव जेव्हा लिहायला बसतो, तेव्हा ध्येयाच्या इतिहासात घराचे तपशील आपोआप येतात.

आणि म्हणूनच या पुस्तकाचे शीर्षक आम्हांला अस्वस्थ करते. समिधा म्हणजे यज्ञात अर्पण करावयाचे लाकूड. साधनाताईंनी तो शब्द स्वतःकरिता स्वेच्छेने घेतला आहे. त्यात तक्रार नाही, अभिमान आहे. तथापि प्रौढ माणूस स्वतः समिधा होऊ शकतो. लेकरांना कोणी विचारले? कुष्ठरोगाच्या संशोधनासाठी बाबांनी आपल्या देहात जंतू टोचून घेतले, ही घटना त्यांच्या निर्भयतेचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण ज्या घरात दोन लहान मुले त्याच अंगाखांद्यावर खेळत होती, त्या घराच्या दृष्टीने ती काय होती, हा प्रश्न चरित्रकार विचारीत नाहीत. तो विचारल्याने बाबांचे मोठेपण उणे होत नाही. ते अधिक खरे, अधिक मानवी होते.

आमच्या वाचकांना येथे पवित्र शास्त्रातील दोन बाप आठवतील. शास्ते या पुस्तकातील इफ्ताह विजयाच्या मोबदल्यात नवस बोलतो आणि त्या नवसाची किंमत त्याच्या एकुलत्या एका लेकीला द्यावी लागते. शुभवर्तमानातील याईर हा सभास्थानाचा अधिकारी. परंतु बारा वर्षांची लेक अंथरुणाला खिळताच तो आपला दर्जा, आपली प्रतिष्ठा विसरून सर्वांदेखत येशूच्या पाया पडतो. एक बाप आपल्या शब्दासाठी लेक देतो, दुसरा लेकीसाठी आपला मान देतो. प्रत्येक ध्येयवादी माणसाच्या घरात हे दोन्ही बाप दडलेले असतात. चरित्रकाराने विचारावयाचा प्रश्न एवढाच की, त्या घरात कोणत्या वेळी कोणाचे चालले?

‘समिधा’मधील उत्तर संमिश्र आहे. बाबा घरी असूनही घराचे नसत. माणसे, झाडे, विहिरी, कार्यशाळा, पुढे १९८५-८६ चे ‘भारत जोडो’ अभियान, १९९० नंतरचा नर्मदाकाठचा दीर्घ मुक्काम अशी त्यांच्या व्यापाची व्याप्ती वाढतच गेली. मुलांना वडिलांचा वेळ कमी आणि दरारा अधिक मिळाला. तरीही त्याच बाबांनी ज्यांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले होते अशांच्या वस्तीत आपली मुले वाढविली. कुष्ठरुग्णांच्या हातापायांकडे पाहून मुलांनी दचकू नये, हे शिक्षण त्यांनी एकही धडा न देता दिले. रेणुकाही याच अंगणात वाढली. पुढे ती आणि तिचे पती विलास मनोहर यांनी हेमलकशाच्या कामात दीर्घकाळ साथ दिली, एवढे पाहिले तरी त्या घराने लेकीला काय दिले याचा अंदाज येतो. परंतु अंदाज तो अंदाजच. वडील म्हणून बाबा तिच्याशी कसे बोलत, कशावर हसत, कशावर रागावत, हे वाचकाला अधिक हवे होते. साधनाताईंची लेखणी जेव्हा घराकडे वळते तेव्हा ती सर्वांत जिवंत असते. दुर्दैवाने आनंदवनाचा इतिहास तिला पुन्हा पुन्हा घराबाहेर बोलावून नेतो.

‘प्रकाशवाटा’ची प्रकृती निराळी. येथे बाप स्वतः बोलतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी गडचिरोलीच्या अरण्यात भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख पावसाळ्यात जगापासून तुटत असे. वीज नाही, रस्ता नाही, बोलीभाषा अनोळखी, आणि माडिया गोंड माणूस परक्याला पाहून रानात पळून जाणारा. अशा ठिकाणी नुकतेच लग्न झालेले हे डॉक्टर दांपत्य राहावयास गेले. पुस्तकाची भाषा समोर बसून सांगावे तशी साधी आहे. तीत अलंकार नाहीत, आवेश नाही; स्वतःच्या थोरवीविषयी तर जवळजवळ मौनच आहे. अंगावर अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच वेष ठेवण्याचा निर्णयदेखील लेखक सहज बोलून जातो.

या पुस्तकातील बाप आम्हांला प्रथमपासून दिसत राहतो, आणि त्याचे कारण त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या जागेत आहे. हेमलकशाला घर आणि दवाखाना, अंगण आणि शाळा यांच्यात भिंत नव्हती. आई आणि बाप दोघेही डॉक्टर, दोघेही त्याच आवारात. मुलांना बाप कामावर गेला असे कधी म्हणावेच लागले नाही. तो जखम धुताना, अस्वलाने फाडलेला चेहरा शिवताना, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवताना त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. १९७६ साली सुरू झालेल्या तेथील आश्रमशाळेत आमट्यांची मुले माडिया मुलांच्या बरोबरीने बसली. बापाने मुलांसाठी वेगळी शाळा, वेगळे शहर शोधले नाही. याला कोणी त्याग म्हणेल, कोणी धाडस म्हणेल. आम्हांला तो बापपणाचा एक विचार वाटतो : जे दुसऱ्याच्या लेकरासाठी पुरेसे चांगले आहे असे आपण सांगतो, ते आपल्या लेकरासाठीही पुरेसे असले पाहिजे.

हीच गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या दुसऱ्या बापांशी ताडून पाहावी. बल्लारपूरची कागद गिरणी आणि राजुरा-घुग्गुसच्या कोळशाच्या खाणी यांवर ज्यांचे पोट आहे, त्या घरांतला बाप पाळीचा नोकर असतो. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि घरातल्या मुली दबक्या आवाजात खेळायला शिकतात. त्यांच्या आठवणीतला बाप म्हणजे बरेचदा एक बंद दरवाजा. त्याचे प्रेम कमी असते असे नाही. त्याचे काम मुलांच्या दृष्टीआड असते एवढेच. म्हणून हेमलकशाच्या बापाचे कौतुक करताना पाळीच्या बापाला दोषी ठरवू नये. बापपण ही केवळ इच्छेची बाब नाही. वेळ, अंतर आणि मजुरी यांनीही ते घडते वा बिघडते.

‘प्रकाशवाटा’तील सर्वांत गाजलेला भाग प्राण्यांचा. शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांना आश्रय देता देता तेथे एक अनाथालयच उभे राहिले. बिबटे, अस्वले, हरणे, माकडे यांच्यासोबत मुले वाढली. नेगल हा बिबट्या तर विलास मनोहरांच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या घरचाच झाला. लहान मूल आणि बिबट्या एकाच अंगणात असलेली छायाचित्रे पाहून आपण थक्क होतो. येथे समीक्षकाने थक्क होऊन थांबू नये. ‘समिधा’च्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न येथेही आहेच : हा धोका मुलांच्या वतीने पत्करण्याचा अधिकार बापाला कोणी दिला? पुस्तक या प्रश्नाला थेट सामोरे जात नाही. लेखकाचा जनावरावरील विश्वास इतका पक्का आहे की प्रश्न त्याला पडतच नसावा. वाचकाला तो पडतो. तरीही एक फरक मान्य केला पाहिजे. येथे बाप मुलाला पुढे करून स्वतः मागे उभा नाही. जनावराच्या तोंडाशी प्रथम त्याचा स्वतःचा हात आहे. मुलांना निर्भयता सांगण्याऐवजी तो ती जगून दाखवितो.

आता आरतीविषयी. पुस्तक मिटल्यावर नेगल जितका ठसठशीत आठवतो, तितकी आरती आठवत नाही, असा आमचा अनुभव आहे. ही या पुस्तकातील उणीव आहे की सौजन्य? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. दत्तक लेकीविषयी फार न लिहिणे हा तिचा मान राखण्याचा एक मार्ग आहे. पोटच्या मुलांपेक्षा तिच्याविषयी वेगळे, अधिक गहिवरून लिहिले असते तर त्या गहिवरानेच तिला परके केले असते. लेखकाने तिला मुलांच्या रांगेत सहज बसविले आणि पुढे चालू लागला, हे आम्हांला एका अर्थी आवडते. आपल्या परंपरेत संत योसेफालाही शास्त्राने एक शब्द बोलावयास दिलेला नाही. झोपेतून उठणे, बाळाला घेऊन रातोरात मिसरची वाट धरणे, पुढे नासरेथात सुतारकाम करणे एवढीच त्याची नोंद. आणि तेवढ्याने तो बाप ठरला. रक्ताच्या नात्यापलीकडील बापपण शब्दांवाचून सिद्ध होते, हे आम्हांस ठाऊक आहे.

परंतु सौजन्याचीही एक मर्यादा असते. ज्या समाजात मुलीचे येणेच नाकारले जाते, तेथे एका घराने मुलगी मागून घेतली ही गोष्ट ठळकपणे सांगितली जाणे आवश्यक होते. पश्चिम महाराष्ट्रात ‘नकुशी’ हे नाव बापांनी आपल्या लेकींना ठेवले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७ भरली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मात्र ती साडेनऊशेच्या वर होती. ज्या मुलखाला आपण मागास म्हणतो, तेथे लेकी अधिक सुखरूपपणे जन्मास आल्या.

याचे श्रेय एकट्या पुण्याईला देता येणार नाही. गर्भलिंग तपासणारी यंत्रे तेथे उशिरा आणि थोडी पोहोचली, हे एक कारण. दुसरे असे की गोंड-माडिया समाजात मुलगी ही हुंड्याचे ओझे मानली जात नाही. लग्नात देणे मुलाकडून मुलीकडे येते, आणि तिच्या हातांची किंमत घरादाराला कळते. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम लागला की पहाटे सारे घर रानात जाते आणि दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. बाप मोजतो, लेक मोजते. कोणाचे पान कमी भरले यावरून थट्टा चालते. चैत्रात मोहफुले वेचताना हेच. बापलेकीचे हे एकत्र काम कोणत्याही आत्मकथनात आले नाही, कारण तो बाप लिहीत नाही.

म्हणून अरण्यातील जीवनाचे भाबडे कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. त्याच समाजात ऋतुकाळात लेकीला गावाकडेच्या कुरमाघरात दिवस काढावे लागतात, आणि त्या खोपटात पाऊस, साप, काळोख सारे असते. ज्या बापाने तिच्यासोबत पाने मोजली, तो त्या चार दिवसांत तिच्यापासून दूर असतो. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन गावांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दाखवून दिले, आणि त्यांतील फारच थोड्यांनी कधी उपचार घेतले होते. लेकी जन्मल्या, जगल्या, पण त्यांचे दुखणे घरात बोलले गेले नाही. बापलेकीमधील ते मौन सोज्वळ नव्हते. त्याची किंमत लेकींनी शरीराने मोजली. ‘प्रकाशवाटा’चा लेखक डॉक्टर आहे. दवाखान्यात आलेल्या अशा स्त्रियांकडे त्याने अपार करुणेने पाहिले. स्वतःच्या लेकीशी वाढत्या वयात बाप म्हणून तो कसा बोलला, हे त्याने सांगितले असते तर कितीतरी बापांना शब्द सापडले असते.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या पुस्तकात एक लेक आपल्या बापाविषयी लिहिते. सोवळ्याचा अतिरेक करून साऱ्या घराला वेठीस धरणाऱ्या त्या वडिलांचे चित्र लक्ष्मीबाईंनी इतक्या मिस्किलपणे आणि इतक्या निर्मळ मनाने काढले आहे की वाचकाला हसू येते, चीड येते आणि शेवटी दयाही येते. तेथे बापाची थोरवी नाही, निंदाही नाही. फक्त लेकीची नजर आहे, आणि ती काहीही विसरलेली नाही. ‘समिधा’त पत्नी बोलते, ‘प्रकाशवाटा’त बाप बोलतो. दोन्ही पुस्तकांत लेकीविषयी बोलले जाते, लेक बोलत नाही. या दोन पुस्तकांचे एकत्र वाचन केल्यावर जी पोकळी जाणवते, ती नेमकी हीच.

२०१४ साली डॉ. प्रकाश आमटे यांच्यावर समृद्धी पोरे यांचा चित्रपट आला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी कामे केली. शीर्षकातच ‘द रिअल हीरो’ हे शब्द आहेत. हिरोचा चित्रपट निघणे समजण्यासारखे आहे. लोकांना आदर्श हवे असतात. परंतु हिरो हा कोणाचा बाप होऊ शकत नाही. बाप व्हावयास माणूस सामान्य असावा लागतो : थकलेला, चुकलेला, कधी उगीच रागावलेला, रात्री पुन्हा उठून पांघरूण नीट करणारा. ‘प्रकाशवाटा’ या पुस्तकाचे चित्रपटापेक्षा, आणि अनेक चरित्रांपेक्षा, मोठेपण असे की त्याचा लेखक हिरो होण्यास सतत नकार देतो. त्याच्या साधेपणात बाप लपलेला आहे. फक्त तो आपण होऊन पुढे येत नाही.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. ‘समिधा’ हे घराच्या आतून लिहिलेले, म्हणून अधिक सखोल पुस्तक. ध्येयाची किंमत कोण मोजते हे ते आपल्या शीर्षकापासून सांगते. ‘प्रकाशवाटा’ हे अधिक मोकळे, अधिक विनम्र पुस्तक. काम आणि घर एकत्र आले तर बाप मुलांना किती जवळून दिसू शकतो, याचा ते दाखला देते. दोन्हींत लेक निवडून घेतल्याची घटना आहे आणि दोन्हींत ती पुरेशी उलगडलेली नाही. तरीही ज्या घरांत मुली वाढत आहेत त्या प्रत्येक घराने ही पुस्तके वाचावीत, आणि बापांनी ती मोठ्याने वाचून दाखवावीत. ऐकणारी लेक मध्येच प्रश्न विचारील, की बाबांना त्या मुलांची आठवण येत होती का, बिबट्याची भीती कोणालाच वाटली नाही का, रेणुका काय म्हणाली, आरती काय म्हणाली. या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत मिळणार नाहीत. बापाला ती स्वतःच्या शब्दांत द्यावी लागतील, आणि आम्हांला वाटते, मराठीत अद्याप न लिहिले गेलेले ते पुस्तक तेथूनच सुरू होईल.